अर्धा तास

ठिणग्या थांबल्या की माझं काम सुरू होतं.
बोगुमिल मुखवटा वर सारतो, हातमोजे काढतो,
शिडी उतरून चहाला जातो.
मी जहाजाच्या पोटात बसून राहते:
एक बादली, एक ओलं घोंगडं
आणि घड्याळात अर्धा तास.
ग्दिनियाच्या या गोदीत मला पगार मिळतो
तो काही न घडल्याबद्दल.

फेब्रुवारीत तो तापाने फणफणला.
वितळत्या लोखंडाची वाफ वीस वर्षं ओढलेली छाती,
तिच्यात जंतूंनी बिऱ्हाड थाटलं,
जोडीजोडीने राहणारे, मण्यांसारखे गोल.
फोटोत उजवं फुफ्फुस खालून पांढरं,
बाल्टिकवर धुकं बसतं तसं.
खोकल्यातून गंजाच्या रंगाचं काहीतरी आलं,
तेव्हा तो हसला: "बघ याद्विगा, मीही गंजलो."

डॉक्टर लुबोमिरा रात्रपाळीला होत्या.
मी विचारलं, औषध चालू आहे, जंतू मरताहेत,
मग याला अजून धाप का लागते?
त्यांनी खिशातून पेन काढलं
आणि माझ्या डब्याखालच्या कागदावर
द्राक्षांचा घड काढला. ही हवेची घरं.
घराघरात एक राखणदार पेशी, तिथेच मुरलेली.
एरवी धूळ गिळते, काजळी गिळते, चकार शब्द काढत नाही.
पण मणी फार झाले. तिने हाक दिली.

मग रक्तातून आल्या त्या,
पोरसवदा, तापट, फटींतून अंग चोरत,
आयुष्य जेमतेम दिवसभराचं.
गिळतात, जाळतात, स्वतःला उसवून
आपल्याच धाग्यांचं जाळं फेकतात जंतूंवर.
त्या आगीला आपलं-परकं कळत नाही.
भिंती झिरपतात, हवेच्या घरात पाणी भरतं,
माणूस आपल्याच बचावात बुडू लागतो.

"मग थांबवा ना त्यांना!"
"लवकर थांबवलं तर मणी पुन्हा वाढतील."

हे मला समजलं.
तापल्या सांध्यावर पाणी ओतलं की तडा जातो.

काम झालं की त्या पोरी तिथेच मरतात.
गरज सरो, वैद्य मरो, मी म्हणाले.
"हो, पण प्रेतं फुटली तर पुन्हा विखार."
म्हणून राखणदार येते, एकेकीला सबंध गिळते,
आणि गिळता गिळता तिचा स्वभावच पालटतो:
हाक मारणारी ती 'पुरे' म्हणू लागते.
शेजारी आणखी थोड्या पेशी असतात,
त्यांचं काम तेवढंच, इतरांच्या खांद्यावर हात ठेवणं.
फटी बुजतात. पाणी ओसरतं.

त्यांना काय म्हणतात?
डॉक्टरांनी एक लांब नाव सांगितलं. मी विसरले.
मनात म्हटलं, अगं बाई, या तर माझ्याच खात्यातल्या.

सहाव्या रात्री तो घामाने निथळला.
यंत्रावर अठ्ठ्याऐंशी, नव्वद, परत अठ्ठ्याऐंशी,
पहाटे त्र्याण्णव.
पलीकडच्या खाटेवर म्हातारा खलाशी सेवेरिन,
तोच आजार, तीच औषधं.
त्याच्यात कुणी 'पुरे' म्हटलं नाही.
सकाळी चादर घडी घालून ठेवलेली होती.
मी का म्हणून विचारलं.
डॉक्टरांनी पेन खिशातच ठेवलं.

मार्चमध्ये बोगुमिलला घरी सोडलं.
त्याने पिशवी भरली, बूट चढवले,
दोनदा खोकला, कोरडा, बिनगंजाचा.
दारातून म्हणाला, "चल."
नर्सने गादी उघडी केली, खिडकी उघडली.
मी म्हटलं, तू हो पुढे.
आणि खुर्चीत टेकून
घड्याळ पाहिलं.