एकशेतीस लिटर

कास्पियनवर रात्री खझरी सुटतो,
उत्तरेचा वारा, क्रेनच्या तारांना शिट्ट्या मारायला लावणारा.
आगाबालाच्या केबिनीत मात्र
कमरेत बारीक काचेच्या पेल्यात
चहा हलतसुद्धा नाही.

पाईप वर येताहेत.
पाच जोड काढले की तेवढ्या लोखंडाची जागा
मडने भरायची.
वाण्याच्या वहीतला हिशेब:
पाचशे साठ लिटर आत जायला हवं.
गेलं चारशे तीस.

मग उरलेल्या जागेत
खाली कोण येऊन बसलं?

नूरंगिझ नवी आहे, लंकरानची,
आई चहाच्या मळ्यात.
बोट ठेवून ती तक्ता पुन्हा वाचते.
म्हणते, माप चुकलं असेल.
असेल, आगाबाला म्हणतो,
आणि ब्रेक दाबतो.

नियमांचं पुस्तक विटेएवढं जाड.
सगळं मिळून सांगतं एवढंच,
की उतू देऊ नये, मातू देऊ नये,
घेतला वसा टाकू नये.

बाकूहून फोन येतो. किती वेळ?
पंधरा मिनिटं.
पलीकडचा तासाचा भाव सांगतो, डॉलरमध्ये.
आगाबाला ऐकून घेतो. पंधरा, म्हणतो.

पंप बंद.
दोघं विहिरीच्या तोंडाशी टॉर्च धरून उभे.
खाली मडचा काळपट गोल, त्यात उजेडाचा डाग.
विहिरीत वाकून पोरं हाक मारतात,
उत्तर आलं की हसतात.
ही विहीर बोलू नये म्हणून
आपण श्वास धरायचा.

तिसऱ्या मिनिटाला नूरंगिझ विचारते,
आलंच वर, तर बंद करायला कुणाला विचारायचं?
कुणालाही नाही.
कंपनीच्या माणसाला?
कुणालाही नाही. ब्रेकवर जो असेल, त्याने दाबायचं.

इथे हातमोज्यांच्या जोडीला तीन सह्या लागतात,
रजेला पाच,
आणि डेकखालचे ते पोलादी जबडे मिटायला
एकही नाही.

ती गप्प.
न विचारता तिने घरातला पंखाही
कधी बंद केला नसेल.

बारा. तेरा.
डाग जागचा हलत नाही.
पंधरा.
'प्रवाह नाही', तो वहीत लिहितो. वेळ. सही.
तरी पाईप वर काढत नाही,
काढलेलेही परत खाली सोडतो, थेट तळापर्यंत.
पाच तास.
फोन पुन्हा वाजतो, तो उचलून टेबलावर आडवा ठेवतो,
बोलू देतो.

पहाटे तळाचं मड फिरून वर आलं
तेव्हा कागदावरची गॅसची रेघ
जराशी उचलली,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी,
आणि पुन्हा आडवी झाली.

ते काही होतं की काहीच नव्हतं,
वाद मिटलेला नाही.
बाकूच्या कागदांत त्याचं नाव 'वाया गेलेले तास'.
आगाबाला त्यावरही सही करून मोकळा झाला.

नूरंगिझ मात्र त्या रात्रीपासून
चहा डाव्या हाताने पिते.