कडी

सकाळी साडेनऊला मी हातांची हजेरी घेते.
चेहऱ्यांची वॉर्डन आधीच घेऊन गेलेले असतात.

रेवानाथचा डावा हात अंगठा मुठीत दाबून झोपलेला,
त्याला कोमट पाण्यात उठवावं लागतं.
शेवंता उईकेचा उजवा जागाच असतो,
तिकडे दार आपटलं की इकडे उडतो
आणि वरण माझ्या ॲप्रनवर.
तिच्या चमच्याला मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली.
मानेवाड्याच्या दुकानदारानं ट्यूब देताना विचारलं,
पंक्चर कुठंय?
म्हटलं, घासात.

उमरेड रोडवरची आमची इमारत,
मे महिना, सेहेचाळीस.
कूलर सुरू झाला की सगळे मोठ्यानं बोलायला लागतात
आणि ज्यांना बोलायला वेळ लागतो
ते आणखी थोडे गप्प होतात.

इंदल बावणे, वय एकेचाळीस.
त्याचं वाक्य निघतं, वळतं, मानेत अडकतं,
खांद्यावरून फिरून ओठांशी येतं.
मधेच ते आपण पुरं करून द्यायचं नसतं,
एवढं शिकायला मला दोन वर्षं लागली.
कॉलेजात हे नव्हतं.

त्याच्या फाईलीत माझ्याच अक्षरात लिहिलंय:
उद्दिष्ट – शर्टाची बटणं स्वतः लावणे.
मुदत – तीन महिने.
खाली तारखा बदललेल्या, नऊ वेळा.

एके दिवशी तो म्हणाला,
बटन... नको.
मले... कडी... पायजे.

मी स्वयंपाकघरात गेले.
कुसुमबाईंनी ताक घुसळलं, कढीपत्ता टाकला, गोळेही सोडले.
इंदलनं दोन वाट्या खाल्ल्या, शांतपणे,
माझी हौस पुरी होऊ दिली.
मग कोपरानं दाखवलं
न्हाणीघराचं दार.

एकेचाळीस वर्षं त्याची आंघोळ
लोटलेल्या दाराआड झाली.
फटीतून कुणीतरी कुणाला तरी
सिलेंडर आलं का विचारत असतं.
साबण डोळ्यांत,
आणि दारात अख्खी संस्था.

कडीसाठी तीन मीटिंगा झाल्या.
पडला तर? फिट आली तर? जबाबदारी कुणाची?
प्रश्न खोटे नव्हते,
मीही रात्री ते घेऊनच झोपत होते.
शेवटी इतवारीतून अशी कडी आणली
जी बाहेरून रुपयाच्या नाण्यानं उघडते.
हे मी त्याला सांगितलं, लपवलं नाही.
तो बराच वेळ हसला.
रुपया... तं... रुपया.

मग अख्खा उन्हाळा
कोपर, मनगट, लाकडी मूठ, घसरण.
बारातून दोनदा.
बारातून एकदा.
एक आठवडा तर नुसताच घाम, आणि त्याची शिवी,
तिचा उच्चार मात्र एकदम स्वच्छ.
आई फोनवर विचारते, मालिश करतेस ना अजून?
मी हो म्हणते.
हे तिला कुठून सांगायला सुरुवात करू?

तो गुरुवार होता.
खट्.

पोछ्याची बादली जागीच थांबली.
कुसुमबाईंनी कमरेच्या पिशवीतून रुपया काढला.
मी त्यांचा हात धरला,
थंड होता, कणकेचा.
आत पाण्याचाही आवाज नाही.
मग मला सुचलं
आणि सुचल्याची लाज वाटली,
इतक्या वर्षांत हे दार
मी एकदाही वाजवलं नव्हतं.

वाजवलं.

वाक्य निघालं असेल, मानेपाशी असेल,
खांद्यावरून येत असेल.
रुपया कुसुमबाईंच्या मुठीत,
माझा जीव घशात.
आम्ही ते पुरं करून दिलं नाही.

मी... आहो...
आत.

वीस मिनिटांनी बाहेर आला,
ओला, शर्ट उलटा, छाती उघडी,
आमच्याकडे न बघता
पंख्याखाली गेला.

संध्याकाळी फाईल भरली.
बटणं – प्रगती नाही.