दोन तारे

ओफेलिया बेन्तांकुर गुरुवारी फोन करते,
बरोबर चार वाजता, आणि मी उतरवून घेतो.
कॉम्प्युटरला ती हात लावत नाही.
मोंतेविदेओच्या या साप्ताहिकात एकतीस वर्षं
तिचे स्वल्पविराम सांभाळणं हे माझं काम.

"लिही," म्हणते. नमस्कार वगैरे नाही.
"सात मिनिटं एक गाय.
गाय उत्तम.
मग दिग्दर्शकाला वाटलं, आपणही दिसावं.
तीन तारे. तिन्ही गाईला."

"पुढचा. शहर चौथ्यांदा कोसळतं,
कुणाच्या फडताळातली एक कपबशी फुटत नाही.
ज्यांनी हे पाडलं त्यांनी
जन्मात कधी भांडी घासलेली नाहीत.
एक तारा, तोही कानात बोळे घालून."

"महोत्सवातला तो, पाच देशांच्या पैशांचा:
बाई खिडकीशी. बाई खिडकीशी. बाई.
शेवटी नुसती खिडकी.
लोक याला मौन म्हणतायत.
मी नवऱ्याबरोबर बावीस वर्षं काढली,
मौन काय असतं ते मला शिकवू नका."

हे वाक्य मी गाळलं.
सोमवारी तिनं विचारलं, कुठे गेलं?
मी म्हटलं, जागा नव्हती.
"तोही हेच म्हणायचा," म्हणाली, आणि फोन ठेवला.

हातचं राखून देते ती तारे,
महिनाअखेरीला साखर द्यावी तसे.

कापुर्रोतल्या थिएटरचा बॅटरीवाला
वॉशिंग्टन सिल्वेरा
(नावावर जाऊ नका, इकडे खाटकाच्या पोरांचीही अशीच नावं असतात)
सिनेमा बघत नाही. दिवे लागले की खुर्च्या बघतो.
त्याचं म्हणणं, माणूस खरंच आत गेला असेल
तर बाहेर येताना त्याचं काहीतरी तिथेच राहतं.
गाईला अकरा प्रेक्षक, चार छत्र्या.
कोसळत्या शहराला हाउसफुल्ल,
मागे फक्त पॉपकॉर्न आणि एका पोराचा बूट;
पोरं कुठेही बूट टाकतात, तो धरत नाही.
खिडकीवालीला एक कवळी.
कवळीचा अर्थ त्याला अजून लागलेला नाही.
वहीत नुसतं "कवळी", पुढे प्रश्नचिन्ह.

ऑगस्टात, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात,
तो कुत्र्याचा सिनेमा आला.
कुत्रा हरवतो, व्हायोलिनं वाजतात.
कुत्रा सापडतो, आणखी व्हायोलिनं.
ओफेलियानं ती मोजून आणली होती.
"दोन तारे. एक कुत्र्याला.
एक, शेवटी तो दारात थांबतो त्याला.
आत येत नाही. थांबतो."
मग घसा खाकरून:
"दुसरं खोड. तारे राहू देत."

शुक्रवारी वॉशिंग्टन ऑफिसात आला,
हातात थर्मास.
आता, आमच्याकडे माणसं येर्बाचा कडू काढा पितात,
आणि गरम पाण्याचा थर्मास काखेतच उगवल्यासारखा घेऊन फिरतात.
किल्ल्या विसरतील, लग्नाचा वाढदिवस विसरतील.
थर्मास विसरलेला माणूस त्यानं
चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.
वहीत काय लिहावं ते त्याला सुचेना.
चौथी रांग, कडेची खुर्ची.
बुडाशी खिळ्यानं कोरलेलं: ओ. बे.

मी तिला फोन लावला.
बराच वेळ पलीकडे काही नाही.
"माझा नाही."
तुझी अक्षरं आहेत, म्हटलं.
"या गावात ओ. बे. पुष्कळ आहेत.
आणि दोन म्हणजे दोन."

पुढच्या आठवड्यात तिनं नवा घेतला.
लाल. तिला अजिबात न शोभणारा.

जुना माझ्या टेबलाखाली आहे, प्रुफांच्या गठ्ठ्याला टेकून.
काल हलवून पाहिला.
आत थोडं पाणी होतं,
त्या बुधवारचं.