भोंगा, दोन मिनिटं अकरा सेकंदांवर

फोन गेटवर ठेवावा लागतो.
बिल्ला घ्यायचा, खिसे उलटे करून दाखवायचे,
मग आत फक्त आपण, डबा आणि नोटांचे गठ्ठे.
म्हणून बागूल, तुला गाणं ऐकवता येत नाही,
सांगावं लागतं.

तर ऐक. काल रात्री अडीचपर्यंत जागी होते.
चार पोरं आहेत, नाव ‘ओली काडेपेटी’.
हसू नकोस.
गिटारवाला येत नसल्यासारखा वाजवतो,
म्हणजे येतं त्याला, पण दाखवत नाही.
आणि मधेच ड्रम्स थांबतात.
थांबतात म्हणजे कसे,
अंधारात जिना उतरताना
अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि ती नसावी, तसे.
मी टेबलावर बोटांनी दाखवते: टक, टटक, टक...
सुपरवायझर चष्म्यावरून बघतो.
पुन्हा मोजायला लागते. एक्केचाळीस, बेचाळीस.

तुझं सगळं चकचकीत.
नाचाचं, झगमगीचं, चार शब्द फिरवून फिरवून तेच.
जत्रेतली गुलाबी मिठाई, म्हणाले होते मी,
तोंडात टाकली की गेली.
मग तू ते कुठल्याशा परदेशी पोरीचं
डब्याच्या झाकणावर वाजवून दाखवलंस,
शब्द तुला कळत नव्हते, मला तर नाहीच,
आणि संध्याकाळी बिटको चौकात
मेथीच्या जुड्या निवडताना
भाजीवाली म्हणाली, ताई, काय गुणगुणताय?
तीन दिवस तुझ्याजवळ कबूल केलं नाही.
चौथ्या दिवशी तुला माझ्या डब्यातली
दुसरी पोळी दिली, ती त्याचीच होती.

खरं सांगू, तू बेसूर आहेस.
पण तुझ्या तोंडून आलेलं गाणं
घरी जाऊन मूळचं ऐकलं
की थोडं कमीच भरतं.

मला सत्तेचाळीस पूर्ण झाली.
फोनमधल्या त्या यंत्राला ते ठाऊक नाही,
ते मला विशीतली समजून
रोज काहीतरी नवं पुढे सरकवतं.
मी चूक दुरुस्त करत नाही.

तसंच परवा आलं एक.
‘पाणीपट्टी’ या नावाने कुणी मुलगी गाणी टाकते.
एकशे बारा वेळा ऐकलं गेलंय,
त्यातले तीसेक वेळा मीच.
आवाज झोपेतून उठल्यासारखा,
केस न विंचरलेला.
मागे कुकरची शिट्टी, कावळा,
कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज.
आणि दोन मिनिटं अकरा सेकंदांवर,
बागूल,
भोंगा.

आपला.
उगाच नाही म्हणत, अठ्ठावीस वर्षं
याच भोंग्यावर कुकर लावलेत, पोरं शाळेत धाडलीत.
सुरुवातीला जरा घसा खाकरतो, मग चढतो,
दुसरा कुठला असा नाही.
म्हणजे ती इथेच आहे.
जेल रोडला, नाहीतर गोसावीवाडीत,
एखाद्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत,
खिडकीला गादी टेकवून.
तिला तो पुसून टाकता आला असता.
पुसला नाही.
ती थांबते, भोंगा संपू देते,
आणि पुढची ओळ उचलते
नेमकी त्याने सोडलेल्या सुरावरून.

मी काल जेल रोडने पायी गेले.
वर बघत. दोरीवर कपडे, डिश अँटेना,
एक म्हातारा नखं कापत बसलेला.
विचारणार तरी काय?
इथे पाणीपट्टी कोण आहे?
एकाने खरंच पाणीपट्टी भरायची खिडकी दाखवली असती.

हे सगळं तुला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं,
घास हातात तसाच, वरण गार.
तू काही बोलला नाहीस.
मला वाटलं, आवडलं नाही.

मग सुटीचा भोंगा झाला.
खुर्च्या सरकल्या, डबे खडखडले,
झडतीच्या रांगेकडे सगळे निघाले.
तू तसाच बसून होतास,
एक बोट वर धरून,
भोंगा विझत गेला तरी,
पुढची ओळ आता येईल म्हणून.