तुरीच्या तीन ओळी

बरणी क्रमांक एकशे बारा.
झाकणाला मेण, आत फॉर्मालिन,
चिठ्ठीवर माझंच अक्षर:
‘पाळीव मांजर. पिल्लू. डभोई रस्ता.’

मी तेव्हा कॉलेजात नवी होते.
कुणीतरी ते पोत्यात गुंडाळून आणलं,
सर म्हणाले, लिहा, शितोळेबाई.
माझ्या दोन तळव्यांत मावलं,
म्हणजे पिल्लूच.
एवढा सोपा हिशेब.

सत्तावीस वर्षं मी त्या बरणीवरची धूळ पुसली.

मग एका प्रात्यक्षिकाला झंखना नावाची मुलगी
काचेला नाक चिकटवून म्हणाली,
‘बेन, आनो तो दांत घसाई गयो छे.’
सुळा झिजलेला.
पोटावरची आचळं ओढलेली.
दूध पाजत होती ती,
रस्ता ओलांडला त्या रात्रीपर्यंत.

रंग फॉर्मालिननं कधीच खाल्लेला,
तरी कपाळावर चार रेघा होत्या,
आणि कुशीवर पुसट ठिपके,
गच्चीवर विसरलेल्या पत्र्याला येतात तसे.

वाघाटी.
मला हा शब्द भाजीचा म्हणून ठाऊक.
आषाढातल्या बारशीला आई खंडेराव मार्केटातून
हिरवी कडू फळं आणायची, मोजून चार.
वर्षातून एकदा तरी तोंडात जावी म्हणायची.
या वाघाटीला तो एक दिवसही नाही.
वजन किलोभर, फार तर दीड;
वाण्याकडची तूरडाळीची पिशवी जड लागते.

चिठ्ठी मी बदलली.
‘वाघाटी. मादी. प्रौढ.’
शेरा लिहायला जागा उरली होती.
पेन धरून उभी राहिले,
तास संपल्याची घंटा झाली,
तशीच ठेवली.

निवृत्तीनंतरच्या माघात रणधीरच्या शेतावर गेले होते.
तुरीची कापणी अर्ध्यावर आलेली.
नगीन राठवाची सून, सुमली,
टोपली पदरानं झाकून घेऊन आली.
आत दोन गोळे. डोळे नुकते उघडलेले,
आणि फुत्कार मात्र पुऱ्या वाघाचा.
सगळे हसले. कुणी दूध आणायला पळालं,
कुणी म्हणालं, बिबट्याचं आहे, फोन करा.
रणधीर म्हणाला, मावशी, घेऊन जा घरी, पाळ.

मी म्हणाले, जिथून उचललंस तिथे ठेव.
सुमली म्हणाली, आणि आई नाही आली तर?
मला उत्तर येत नव्हतं.
मला फक्त एक बरणी माहीत होती.

रात्री आम्ही दोघी पंपाच्या खोलीमागे बसलो.
बॅटरी लावायची नाही, असं मीच बजावलेलं;
तेव्हा मी तिला पाहिलं, असं म्हणता येणार नाही.
वारा पडलेला होता
आणि वाळल्या शेंगा एका जागी
किंचित वाजल्या.
सुमलीनं माझं मनगट धरलं,
सोडलं नाही.

सकाळी टोपली रिकामी,
पण उभ्या तुरीत, तिसऱ्या ओळीत,
सुईच्या टोकाएवढा आवाज.

रणधीरनं मळणीयंत्र सांगून ठेवलेलं.
तीन ओळींचे पैसे मी देते, म्हटलं.
तो चिडला, मग हिशेब करायला बसला,
मग पैसे नको म्हणाला,
मग अर्धे घेतले.
नगीननं कडेला काठी रोवून
लाल चिंधी बांधली:
इथवरच विळा.
कुत्रा त्यानं सतरा दिवस बांधून ठेवला.
कुत्रा सतरा दिवस भुंकला.

अठराव्या दिवशी त्या ओळी कापल्या.
तिथे काहीच नव्हतं.
उंदराची एक शेपटी, चेपलेला पाला,
थोडीशी उबट, रानटी घाण.
सुमली उकिडवी बसून
बराच वेळ ते बघत राहिली,
आणि हसली,
घर सोडून गेलेल्या भाडेकरूनं
झाडून-पुसून किल्ली ठेवावी, तसं काहीतरी बघून.

रणधीर विचारतो, पुढच्या वर्षी पुन्हा आली तर?
मी म्हणते, तूर लावशील ना?
तो म्हणतो, केळीला भाव आहे.