हातचा एक

माझी ड्युटी दहा ते एक, दोरीजवळ.
दंडावर नारिंगी पट्टी, कोमट पाण्याची बाटली,
आणि दर दोन मिनिटांनी तेच वाक्य :
कृपया हात लावू नका.

पॅसाडीनाच्या टेकडीवर ऑक्टोबरसुद्धा तापतो.
कॉलेजच्या हिरवळीवर पहाटेच येऊन बसल्यात
जुन्या, नावाजलेल्या गाड्या;
मालक मऊ फडक्यानं
नसलेली धूळ पुसताहेत.
पलीकडे आमच्या वर्गाची नवलाई :
एक गाडी म्हणे शेवाळावर चालेल,
एक घडी घालून जिन्यानं वर नेता येते,
एकीला चाकंच नाहीत, अजून सुचलेली नाहीत.
माझी कोपऱ्यात. मातीची, पाव आकाराची,
तामाले विकणाऱ्या मावशीसाठी काढलेली,
तीन चाकं आणि वाफेचं भांडं.
परीक्षक तिच्यापुढे थांबले
आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

साडेअकराला एक म्हातारे आले.
गळ्यापर्यंत बटणं, काखेत वर्तमानपत्र.
त्रेसष्ट सालच्या निळ्या कूपेसमोर उभे राहिले,
गाडीसमोर कुणी राहत नाही तसे;
शाळेच्या पहिल्या दिवशी
फाटकाबाहेर रेंगाळतात, तसे.
मी म्हटलं, कृपया हात—
ते म्हणाले, तो लावून झालाय, पोरी.
साठ वर्षं झाली.

मग डेट्रॉइट. मग भट्टीतून निघालेली तपकिरी माती,
तिचा गंधकाचा वास, रात्री ताटातसुद्धा.
डावी बाजू हॅगॉप ताश्जियान, म्हणजे ते स्वतः,
उजवी बाजू चेस्टर. चेस्टर डावखुरा.
साचे लावले, पट्ट्या लावल्या, साहेबांनी वाकून पाहिलं,
दोन्ही बाजू सारख्या असं कागदावर ठरलं.
"पण त्या हिवाळ्यात त्याची बायको गेली होती.
वळणावर त्याचा हात जरा जास्त थांबायचा."
मागच्या चाकावरची उजवी कमान
तांदळाच्या दाण्याएवढी अधिक भरली आहे.
कारखान्यातून सगळ्या तशाच निघाल्या,
हजारोंनी.

पाटीवर एकच नाव. चित्र काढणाऱ्याचं.

मला दुसरीतली बेरीज आठवली :
आठ आणि सात पंधरा, पाच लिहायचे, हातचा एक.
तो डोक्यावर बारीक पेन्सिलीनं मांडायचा
आणि उत्तर जुळलं की
बाईंना तो खोडलेला हवा असायचा.

मालक आले, हात मिळवला,
म्हणाले, स्क्रूसुद्धा मूळचा आहे, आणि दोन्ही अंगं बघा,
आरशात धरल्यासारखी!
मी ताश्जियानांकडे पाहिलं.
ते म्हणाले, छान ठेवलीय.
एवढंच.
नंतर मी विचारलं, सांगितलं का नाही?
"त्यानं सतरा वर्षं दोन्हीकडून पुसलीय ती.
आपण कोण?"

माझ्या गाडीला मात्र त्यांनी विचारून हात लावला.
डोळे मिटले, तळवा सपाट,
झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
दाराच्या वर एका जागी थांबले.
"इथे घाईत होतीस."

नव्हते.
त्या रात्री मावशीचा फोन आला होता,
वाफेनं मनगट भाजल्याचा.
एका हातात फोन, दुसऱ्यात पातं,
आणि मी तिला बोलू देत होते.

भरून काढू का, मी विचारलं.
त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही,
सावलीत कुठे खुर्ची आहे का ते पाहिलं.

एक वाजला. मी दंडाची पट्टी सोडली.
निळ्या कूपेच्या डाव्या अंगावरून ऊन
एका दमात शेपटापर्यंत धावत होतं.
मी फिरून उजवीकडे गेले, उकिडवी बसले.
कमानीशी ते किंचित अडत होतं,
बोलता बोलता कुणी आवंढा गिळावा
एवढंच.

मालक लिंबूपाणी घेऊन परतले
तेव्हा तिथे पॉलिशवर
चार बोटांचा ठसा होता.
त्यांनी नव्या पट्टीवाल्याला विचारलं,
त्यानं मला.
मी म्हटलं,
माझी ड्युटी एकला संपली.