शालिमारच्या मागे, तळघरात

दुकान माझं. खुर्च्या तीन.
मतं किती, ते मोजायला एक्सेल उघडलं होतं एकदा,
हँग झालं.

देवरे सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झाले
तेव्हापासून एकच सांगतात: लिनक्स टाका.
लॅपटॉप तापतोय? लिनक्स टाका.
सर, बॅटरी फुगलीये.
हं. बदला. आणि मग लिनक्स टाका.

पगारे येतो अंबडची शिफ्ट सुटल्यावर,
हाताला कूलंटचा वास, खिशात फ्लॉपी.
त्याच्या मशीनला अजून एक्सपीच लागतं.
"नवं काही दाखवलं की रुसतं, जावयासारखं.
आणि तुमच्या त्या अपडेटनं
आजवर एक तरी नट कापलाय का?"

निनाद माझा हेल्पर. तो सगळं एआयला विचारतो.
मिसळीत रस्सा आधी ओतावा की फरसाण आधी, हेसुद्धा.
त्यानं सात मुद्दे दिले, वर समारोप.
पगारे म्हणाला, आठवा मुद्दा घे लिहून:
निवतेय.

क्लाऊडवरून तर रोज भांडण.
निनाद म्हणतो, सगळं वर ठेवा, निवांत झोपा.
पगारे म्हणतो, वर ठेवलेलं कधीतरी गंगेला येतंच,
धरण भरलं की सोडतात, तुला विचारून नाही सोडत.
मी म्हणते, बॅकअप दुतोंड्या मारुतीसारखा हवा,
एक तोंड इकडे, एक तिकडे,
आणि पाणी छातीला लागलं
की अख्ख्या गावाला कळलं पाहिजे.
(माझा स्वतःचा बॅकअप मार्चपासून राहिलाय.
हे त्यांना सांगितलेलं नाही.)

अस्लमभाई काझी यातलं काही बोलत नाहीत.
कोपऱ्यात बसतात, चहा बशीत ओततात.
रविवार कारंजावर त्यांचं डीटीपी होतं,
अर्ध्या नाशिकची लग्नं त्यांच्या बोटांखालून गेली.
मग युनिकोड आलं, मग मोबाइलवरच्या पत्रिका आल्या,
मग शटर.

परवा एक मुलगी आली, आहेर आडनावाची.
हातात सीडी, वर मार्करनं:
मावशी लग्न फायनल फायनल २.
येत्या मेमध्ये पंचवीस वर्षं होतील,
तीच पत्रिका पुन्हा छापायचीये,
घरात एकही उरली नाही.

सीडी तीनदा पुसली, चौथ्यांदा चालली.
फाईल उघडली आणि
अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं:
डॉलर, पाव, अर्धा, उलटं प्रश्नचिन्ह,
टोपी घातलेले ओ ओळीनं उभे.
फॉन्ट गेलेला. कंपनीसुद्धा गेलेली.

सर म्हणाले, लिनक्सवर एक कन्व्हर्टर आहे.
त्यानं डॉलरचे नुसते जास्त डॉलर केले.
निनादनं फोटो काढून विचारलं,
उत्तर आलं, ही बहुधा प्राचीन लिपी असावी.
पगारे इतका हसला की फ्लॉपी खाली पडली.

तेवढ्यात बशी ठेवल्याचा आवाज.
अस्लमभाई उठले, चष्मा कपाळावर सरकवला,
स्क्रीनला नाक लावलं.
"हा टोपीवाला ओ म्हणजे काना.
हा पाव म्हणजे अर्धा श."
आणि सरळ वाचायलाच लागले,
चहाचं बिल वाचावं तसं:
आमच्या येथे श्री कृपेकरून...

निनाद टाइप करत राहिला.
मुहूर्त आला, गोरज. कार्यालय आलं, पंचवटीतलं.
आहेर स्वीकारला जाणार नाही, इथे ते थांबले,
मुलीकडे बघून म्हणाले, "हे तुमचं आडनाव नाही, पोरी."

सगळ्यात खाली, कोपऱ्यात,
बारीक अक्षरांत दोन पाव आणि एक डॉलर:
"आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं.
पिंकी."

मुलगी काही बोलली नाही.
मग म्हणाली, ते नाव तसंच राहू द्या.
ऑफिसात मला कुणी पिंकी म्हणत नाही.

बिल करताना मी विचारलं,
सीडीचे दीडशे. वाचण्याचे किती लावू, अस्लमभाई?
ते परत कोपऱ्यात गेले होते.
"त्यात एक चूक होती," म्हणाले, "मुहूर्ताच्या ओळीत.
'गोरज'चा ग मीच तेव्हा खाल्ला होता.
आता बोलताना घातलाय. तेवढं फुकट."

देवरे सर जिना चढता चढता वळले.
मी म्हटलं, बोलू नका, सर.
ते बोललेच.